स्मोकलेस ठासणीची रायफल : हरणासाठी गोळी कुठली, सॅबो कुठला?

माळरान
नमस्कार मंडळी. डिसेंबरातला मझललोडर (तोंडाकडून ठासायच्या बंदुकीचा) हंगाम डोळ्यांसमोर ठेवून विचारतोय. रायफल सॅव्हेज १०एमएल-२, ०.५० कॅलिबर, नळीच्या आतल्या खाचांना २४ इंचांत एक फेरा असा पीळ. मुक्काम इलिनॉय. कापलेली मक्याची शेतं आणि ओढ्याकाठची झाडी, त्यामुळे अंतर बहुतेकदा ६० ते १५० यार्ड. शिकार व्हाइटटेल हरणाची.

दुकानात गेलं की डोकं फिरतं. हॉर्नडीची एक्सटीपी आहे, एसएसटी आहे, बार्न्सच्या पूर्ण तांब्याच्या आहेत. वजन २०० ग्रेनपासून ३०० पर्यंत. सॅबो, म्हणजे गोळीभोवतीची प्लास्टिकची वाटी, तर रंगीबेरंगी, जणू गोळ्याबिस्किटांचं दुकान. रेंजवर सध्या पहिल्या तीन गोळ्या दीड इंचात बसतात आणि चौथी चार इंच भटकते. गोळी बदलू की सॅबो? आणि २५० ग्रेन घ्यावी की ३००?

केंटकीकर
गोळीकडे वळण्याआधी दोन गोष्टी, कारण हा धागा उद्या कुणी नवखाही वाचेल.

स्मोकलेस, म्हणजे आधुनिक बिनधुराची दारू, फक्त त्याच रायफलीत, जिच्यावर किंवा जिच्या पुस्तिकेत बनवणाऱ्यानं तसं स्पष्ट लिहिलंय. दुकानातल्या बहुतेक इनलाइन मझललोडर त्यासाठी नाहीत. 'मॅग्नम' लिहिलंय म्हणून चालेल, असा हिशेब करू नका. नळी फुटते.

दुसरं, काळ्या दारूची मापं आकारमानावर चालतात, स्मोकलेस नेहमी वजनावर. काळ्या दारूच्या नळकांडी मापानं स्मोकलेस भरली तर दाब कुठल्या कुठे जातो. वजनकाटा हवाच. दारू किती भरायची हे इथे कुणी विचारू नये, कुणी सांगूही नये. ते रायफलीच्या पुस्तिकेतून, त्याच वजनाच्या गोळीसाठी आणि त्याच दारूसाठी.

बार_फुसका
मार्गशीर्षात हंगाम? गुरुवारी रायफल खुंटीला, आधीच सांगून ठेवतो. :)

मिशिगनची_माई
बार_फुसका, हसून हसून पुरेवाट.

माळरान, चौथ्या गोळीचं उत्तर बहुधा गोळीतही नाही आणि सॅबोच्या रंगातही नाही. ते नळीच्या तापमानात आहे. सॅबो म्हणजे प्लास्टिक. तीन बार लागोपाठ झाले की नळी गरम होते. चौथा सॅबो ठासून, गज बाजूला ठेवून, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) लावून नेम धरेपर्यंत तो त्या गरम नळीत मऊ पडतो. मऊ सॅबो बार होताना पिळाच्या कडांवर घसरतो, गोळीला फिरकी नीट मिळत नाही, आणि ती भटकते. काळ्या दारूत दर बारानंतर नळी पुसावी लागते, तेवढ्यात ती निवतेही. स्मोकलेसमध्ये पुसायची गरज नसते म्हणून माणूस भराभर ठासत सुटतो आणि नेमका इथेच फसतो.

करून बघा : दोन बारांमध्ये दहा मिनिटं, उन्हाळ्यात पंधरा. बोल्ट उघडा, रायफल तोंड वर करून उभी, म्हणजे धुराड्यासारखी हवा आतून वर जाते. ठासण्याआधी नळीचा मागचा भाग, जिथे सॅबो बसतो तिथे, हात लावून बघा. हाताला कोमट लागली तरी थांबा. चौथी गोळी जागेवर आली तर दुकानदाराचं नुकसान, तुमचा फायदा.

शिकारीत तुमची पहिली गोळीच मोजायची असते, थंड नळीतून गेलेली. म्हणून तीन-तीनचे गट बघण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी थंड नळीतून मारलेली एकेक गोळी एकाच कागदावर नोंदवा. तो कागद खरं बोलतो.

दशांशचिन्ह
माईंशी सहमत. त्यात मापाची भर घालतो.

नळीच्या पिळाच्या समोरासमोरच्या कडांमधलं अंतर ०.५०० इंच आणि गोळी ०.४५२ धरली तर दोन्ही बाजूंना प्लास्टिकला जागा मिळते फक्त ०.०२४ इंच. ०.४३० ची गोळी घेतली तर प्रत्येक बाजूला ०.०३५, म्हणजे जवळपास दीडपट. जाड भिंतीत मऊ होऊन हलायला जास्त वाव, म्हणून स्मोकलेसच्या दाबाला ०.४५१-०.४५२ ची गोळी आणि पातळ भिंतीचा सॅबो ही जोडी जास्त टिकते. ०.४५८ च्या गोळ्याही चालवतात, पण त्यासाठी वेगळा सॅबो लागतो आणि ठासायला बऱ्याचदा घट्ट जातं.

नळ्या सगळ्या ०.५०० च्या नसतात. ०.५०२ वाली नळी आणि ०.५०० वाली नळी यांना एकच सॅबो कधीच सारखा बसणार नाही. म्हणून 'अमुक सॅबो सर्वोत्तम' असं कुणी म्हणालं की आधी त्याच्या नळीचं माप विचारायचं.

वाडीचो_झील
आमच्या हंय सिंधुदुर्गात ठासणीचीच बंदूक आसा, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. सॅबो-बिबो नाय. चिंधी आणि गज. :)

खडूस_आजोबा
झिला, चिंधीचं आणि सॅबोचं काम एकच की रे. दारूचा वायू गोळीच्या बाजूनं पुढे निसटू द्यायचा नाही.

सांबारवडी
इकडे भारतात हरणं मारायला बंदी असताना हा धागा कशाला?

केंटकीकर
सांबारवडी, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चितळ-सांबरांची शिकार बंदच आहे आणि ते योग्यच. धागा इलिनॉयचा आहे. तिथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येत शिकार होते. मुद्द्यावर येऊया, नाहीतर धाग्याचा काश्मीर होईल.

ओढ्याकाठचा
मला विचाराल तर ०.४०० ची २०० ग्रेनची एसएसटी घ्या. हलकी, वेगवान, धक्का कमी, १५० यार्डांपर्यंत नेम वर-खाली करायची भानगड नाही.

दशांशचिन्ह
इलिनॉयमध्ये नाही चालणार. तिथल्या नियमात मझललोडरची नळी किमान ०.४५ आणि गोळी स्वतः किमान ०.४४ कॅलिबरची हवी. सॅबोची जाडी गोळीत धरत नाहीत. ०.४०० ची गोळी ०.५० च्या नळीतून मारली तरी नियमाच्या बाहेरच.

अवांतर : राज्याराज्यात जमीन-अस्मानाचा फरक. इलिनॉयमध्ये स्मोकलेस चालते, पण खास त्यासाठीच बनवलेल्या रायफलीतच. कोलोरॅडोच्या मझललोडर हंगामात स्मोकलेसही नाही, सॅबोही नाही, दुर्बीणही नाही. सुट्टी दारू, पूर्ण मापाची गोळी आणि उघडी माशी (नेम धरायचं साधं टोक). तिकडे जाणार असाल तर या धाग्यातलं काहीच कामाचं नाही. नियम दरवर्षी नव्यानं वाचा.

ओढ्याकाठचा
अरेच्चा. ०.४५२ मग. प्रतिसाद काढून टाकत नाही, खाली उत्तर आलंय ते वाचणाऱ्याला उपयोगी पडेल.

पितळी_टोपण
आता गोळीबद्दल. लोक वजनावर भांडतात, पण आधी बांधणी बघावी.

एक्सटीपी ही मुळात पिस्तुलाची गोळी. साध्या २५० ग्रेन एक्सटीपीचं कवच पिस्तुलाच्या वेगाला बेतलेलं. स्मोकलेसमधून ती २२००-२३०० फूट प्रति सेकंदानं निघते. ५० यार्डांवर खांद्याच्या हाडावर बसली तर फुलण्याऐवजी फुटते. कवच एकीकडे, शिसं दुसरीकडे, भोक उथळ, मांस खराब. १२० यार्डांपुढे वेग उतरल्यावर तीच गोळी छान वागते. ३०० ग्रेनची एक्सटीपी मॅग मात्र जाड कवचाची, ०.४५४ कॅसुलसारख्या जोरदार काडतुसासाठी केलेली. ती जवळूनही सांभाळून घेते.

एसएसटीला टोकाला पॉलिमर असतं, ती चटकन फुलते. फुप्फुसांवर, खांद्याच्या किंचित मागे, अप्रतिम. हरीण बहुतेकदा नजरेच्या टप्प्यातच पडतं. जवळून खांद्यावर मारायची सवय असेल तर घेऊ नका.

बार्न्सची एक्सपांडर पूर्ण तांब्याची, पोकळ टोक, सहा पाकळ्या फुलतात. वजन जवळजवळ सगळं शिल्लक राहतं आणि गोळी सहसा आरपार जाते. दोन भोकं म्हणजे रक्ताचा माग सापडतो. ओढ्याकाठच्या झाडीत याची किंमत फार.

मिशिगनची_माई
पितळी_टोपण, चोख. तांब्याबाबत एक भर : तांबं शिशापेक्षा हलकं, घनता ८.९६ विरुद्ध ११.३४, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. पिळाला वजनाशी देणंघेणं नसतं, लांबीशी असतं. माळरान यांच्या १:२४ पिळाला २५०, २९०, ३०० सगळ्या चालतील. ज्यांच्याकडे १:२८ किंवा त्याहून संथ पीळ आहे त्यांनी तांब्याच्या जड गोळीआधी हलकी करून बघावी.

बार्न्समध्येच टीएमझी आणि टी-ईझी अशा दोन आहेत, त्यांत गोंधळ होतो. टीएमझीचं बूड निमुळतं, टी-ईझीचं सपाट. निमुळत्या बुडाला त्याच आकाराचा सॅबो लागतो, पाकिटात येतो तोच. ती गोळी साध्या, सपाट कपाच्या सॅबोत घातली तर बुडाखाली पोकळी राहते. बार झाल्यावर प्लास्टिक त्या पोकळीत दाबलं जातं, कप वाकडा होतो, गोळी तिरकी सुटते. सपाट बुडाची गोळी घ्या आणि सॅबोच्या तळाला पूर्ण टेकलीय ना ते बोटानं दाबून बघा.

माळरान
हे फार कामाचं. म्हणजे पाकिटात गोळीबरोबर आलेला सॅबो वापरावा की नाही?

पितळी_टोपण
निमुळत्या बुडाच्या गोळीसोबतचा असेल तर हो. बाकी पाकिटातले सॅबो बहुतेकदा काळी दारू आणि तिच्या पर्यायांचा दाब धरून केलेले असतात. स्मोकलेससाठी एमएमपी कंपनीचा एचपीएच-२४ बरेच जण वापरतात, किंवा हार्वेस्टरचा क्रश रिब. क्रश रिबवर बाहेरून उभ्या बारीक उठावदार रेघा असतात, ठासताना त्या चेपतात, त्यामुळे घट्ट नळीतही गज सरकतो. तुमची नळी घट्ट असेल तर क्रश रिब, सैल असेल तर एचपीएच. दोन्हींचं एकेक पाकीट आणा, गोळी आणि दारू तीच ठेवा, सॅबो तेवढा बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही.

खडूस_आजोबा
घट्ट-सैल म्हणजे किती, ते कुणी सांगेल का? सगळे माप सांगतात, हाताला काय जाणवलं पाहिजे ते कुणी सांगत नाही.

केंटकीकर
आजोबा, बरोबर विचारलंत.

तोंडाशी आखूड गजानं एक ठोसा, मग लांब गज दोन्ही हातांनी धरून अंगाचा थोडा भार देत सलग खाली. वाटेत थांबावं लागू नये, हातोडी लागू नये. हातोडी लागली तर सॅबो घट्ट : पाकळी फाटते, गोळीचं टोक दबतं. एका बोटानं सरकला तर सैल, आणि सैल जास्त वाईट. दिवसभर रायफल खांद्यावर तोंड खाली करून हिंडलं की गोळी दारूवरून पुढे सरकते. मध्ये मोकळी जागा राहिली तर बार उशिरा पेटतो किंवा नळी फुगते.

म्हणून गजावर खुणा. रिकाम्या नळीत गज टाकून तोंडाशी एक खूण, दारू-सॅबो-गोळी ठासल्यावर दुसरी. दर वेळी दुसरी खूण तोंडाशी यायला हवी. वर राहिली तर गोळी पूर्ण बसलेली नाही किंवा चुकून दुसऱ्यांदा दारू भरलीय. दोन्ही प्रकारांत प्रायमर लावायचा नाही, ब्रीच प्लग (नळीच्या मागच्या टोकाचं बूच) काढून सगळं बाहेर. बोलत बोलत ठासायची सवय असेल तर ती सोडा. दुप्पट बार भरला जातो तो गप्पांतच.

बार_फुसका
म्हणजे रेंजवर मराठी माणूस आणायचाच नाही. :D

मिशिगनची_माई
टोकदार गोळीला गजाचं टोकही तसंच हवं. सपाट टोकाचा गज एसएसटीच्या पॉलिमर टोकावर दाबला की टोक चेपतं किंवा तिरकं होतं. गोळीच्या आकाराची पोकळी असलेलं टोक बसवा, दाब टोकावर न पडता गोळीच्या खांद्यावर पडतो. पोकळ टोकाच्या एक्सटीपीला साधं चालतं.

नळीतला_गोटा
वाचनखूण साठवली.

वापरलेले सॅबो कोण उचलतं का? नळीच्या तोंडापासून दहा ते तीस यार्डांत पडलेले सापडतात. रेंज बंद असताना गोळा करा आणि वाचा. चारही पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या, तळाचा कप अखंड : सगळं ठीक. एकच पाकळी तुटलेली : ठासताना फाटली, किंवा नळीच्या तोंडाची कड खरबरीत आहे. कप मध्ये वितळलेला किंवा आरपार भोक : दाब आणि उष्णता सॅबोला झेपत नाही. त्यावर दारू आणि सॅबोच्या मध्ये ०.०६० इंची व्हेजिटेबल फायबरची चकती टाकतात, ज्वाला चकतीवर येते, कप वाचतो. चकती वापरणार असाल तर पुस्तिकेत तशी परवानगी बघा, आणि गजाची दुसरी खूण नव्यानं करा. बाहेरून पिळाचे ओरखडे स्वच्छ तिरके दिसायला हवेत. पुसट, फरफटल्यासारखे दिसले तर सॅबो घसरतोय, म्हणजे माईंचंच निदान.

ओढ्याकाठचा
सॅबोची एवढी कटकट असेल तर सॅबोच नको ना. हल्ली ०.४५ च्या नळीत गोळी नेमकी मापात काढून थेट ठासतात.

दशांशचिन्ह
ठासतात, पण ते ०.४५ च्या खास नळ्यांसाठी, बहुतेक १:२० च्या आसपासच्या पिळाच्या. साच्यातून दाबून गोळी नळीच्या कडांच्या मापाला, हजारांश इंचाच्या आतबाहेर, आणतात. मग गरम नळीची चिंता जाते आणि दाबही जास्त चालतो. माळरान यांच्या ०.५० ला त्यासाठी नळी बदलावी लागेल. १५० यार्डांसाठी तो खर्च कशाला?

पितळी_टोपण
एक कोपरा राहिला. १०एमएल-२ मध्ये ब्रीच प्लगच्या टोकाशी बदलता येणारा व्हेंट लायनर असतो, साधारण ०.०३० इंचाच्या भोकाचा. प्रायमरची ज्वाला त्यातून जाते आणि दारूचा वायू तिथूनच उलटा येतो, त्यामुळे भोक झिजून मोठं होतं. ०.०३५ च्या आसपास गेलं की वेग बारागणिक वर-खाली व्हायला लागतो, गट पसरतो, आणि माणूस सॅबोला शिव्या घालत बसतो. जुनी रायफल घेतली असेल तर पहिल्यांदा लायनर बदला. बारीक ड्रिल बिटांचा संच मापाला पुरतो. ब्रीच प्लगच्या आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावा, नाहीतर हंगाम संपेपर्यंत जाम बसतो.

खडूस_आजोबा
आणि प्लास्टिकचा थर? स्मोकलेसमध्ये पुसावं लागत नाही म्हणून लोक महिनोन्महिने पुसतच नाहीत.

नळीतला_गोटा
आजोबांशी सहमत. दारूची काजळी कमी, पण सॅबोचा थर चढतो. ठासताना वाटेतच एखाद्या ठिकाणी गज अडखळायला लागला की समजा. प्लास्टिक काढणारा सॉल्व्हंट, पितळी ब्रश, मग कोरड्या चिंध्या. तेलाचा थर ठेवून साठवली असेल तर ठासण्याआधी नळी कोरडी करा. तेलकट नळीतली पहिली गोळी वेगळीकडे जाते.

सांबारवडी
विचारायचं होतं. मांस खाणाऱ्यांना शिशाचे कण पोटात जातात म्हणे?

मिशिगनची_माई
जाऊ शकतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात याच कारणानं गरजूंना दान दिलेलं हरणाचं खिमा केलेलं मांस वाटू नका, असं सांगण्यात आलं होतं. पटकन फुटणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत. खबरदारी म्हणजे जखमेभोवतीचं मांस सढळ हातानं काढून टाकायचं, ते खिम्यात घालायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर मी सरळ तांब्याची गोळी सुचवेन. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

माळरान
सगळ्यांना दंडवत. आता मूळ प्रश्न : २५० की ३००?

पितळी_टोपण
तुमच्या अंतराला २५० ग्रेनची सपाट बुडाची टी-ईझी किंवा एक्सपांडर. ३०० नं आरपार जायची खात्री थोडी वाढते, पण धक्का वाढतो आणि धक्क्याला घाबरून चाप झटकणारे जास्त हरणं हुकवतात. ३०० घ्यायचीच तर एक्सटीपी मॅग, आणि दारूचं माप ३०० चंच, २५० चं नाही.

केंटकीकर
+१. टोकदार २५० ची साधारण २२५० फूट वेगानं १०० यार्डांवर दोन इंच वर लावली तर १५० च्या आसपास नेमावर येते, २०० ला पाचेक इंच खाली. १५० पर्यंत सरळ छातीवर धरा. हे अंदाजे, स्वतःच्या रायफलीवर १५० ला मारून बघाच. एक्सपांडर पोकळ टोकाची, ती जरा जास्त पडेल.

माळरान
ठरलं. २५० टी-ईझी, एचपीएच-२४ आणि क्रश रिब एकेक पाकीट, नवा लायनर. आणि दोन बारांत दहा मिनिटं. संध्याकाळी न झाडलेला बार कसा काढता?

नळीतला_गोटा
झाडून नको, गरजही नाही. आधी प्रायमर काढा. इलिनॉयच्या नियमात तेवढ्यानं मझललोडर रिकामी धरली जाते, गाडीत ठेवता येते. घरी बोल्ट आणि ब्रीच प्लग काढा, दारू कागदावर ओता, तोंडाकडून गजानं गोळी-सॅबो मागे ढकला. तो सॅबो परत वापरू नका, एकदा चेपलेला असतो. गोळी वापरता येते. आणि थंडीतून आणलेली रायफल उबदार घरात लगेच बंद पिशवीत नको, घाम सुटून नळी आतून ओली होते.

बार_फुसका
गुरुवारचं मात्र कुणीच मनावर घेतलं नाही.